ब्रिजची गाठ पुन्हा पुन्हा सरकते: कारण शोधा, मग ओढून खात्री करा

तक्रार नेहमीचीच आहे. झाडावर चढायच्या हार्नेसला (कमरेला-मांड्यांना बांधायच्या पट्ट्यांना) पुढच्या बाजूला दोराचा ब्रिज असतो: कमरेच्या दोन रिंगांमध्ये बांधलेला आखूड दोर, ज्यावर सरकणाऱ्या तिसऱ्या रिंगला चढणारा लटकतो. त्याच्या टोकाची गाठ सोमवारी कचकचून आवळलेली असते आणि शनिवारी पाहावं तर शेपूट, म्हणजे गाठीबाहेर उरलेलं दोराचं टोक, बोटभर आखूड झालेलं असतं. पुन्हा बांधली तरी आठवड्याने तेच. याच्याच जोडीची दुसरी तक्रार म्हणजे तोच दोर, तीच गाठ ओढून तोडून पाहिली तर एकदा १८ किलोन्यूटन येतात, एकदा १३ (१ किलोन्यूटन म्हणजे साधारण १०० किलोचा भार). मग आकड्यावर भरवसा ठेवायचा कसा?

दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी सापडतं, आणि ते दोराच्या मधल्या भागात नसतं. सगळे दोराच्या लेबलावरचा आकडा बघतात. ब्रिज मात्र दगा देतो तो टोकाला, गाठीत, किंवा सरकती रिंग जिथे रोज घासते त्या चार बोटांच्या पट्ट्यात.

सगळ्यात आधी

शेपूट दोराच्या जाडीच्या दहापटीपेक्षा कमी उरलं असेल, म्हणजे ११ मिमी दोराला ११ सेंमीच्या आत, तर त्या ब्रिजवर आज चढू नका. नुसती गाठ आवळून काम उरकू नका, कारण सरकण्याचं कारण अजून तिथेच आहे.

दुसरं, हार्नेसचं माहितीपत्रक काढा. काही हार्नेसना टोकं शिवलेला, तयार मिळणारा ब्रिजच चालतो, काहींना ठरावीक दोर आणि ठरावीक गाठ सांगितलेली असते. त्यात जे नाही ते लावलं की ईएन ३५८ किंवा ईएन ८१३ या युरोपीय मानकांखाली झालेली त्या हार्नेसची चाचणी तुमच्या जोडणीला लागू राहत नाही. शिवलेला ब्रिज मिळत असेल तर तो घ्या, असंच आमचं स्पष्ट मत आहे. खालचं सगळं ज्यांच्या हार्नेसला बांधलेला ब्रिज मान्य आहे त्यांच्यासाठी.

गाठ सरकते कशी

ब्रिजवरचा भार दिवसभरात शेकडो वेळा येतो आणि जातो. फांदीवर पाय टेकला की ब्रिज ढिला, पाय सुटला की ताणलेला. भार असताना गाठ आवळली जाते आणि भार गेला की दोराचा ताठरपणा तिला किंचित उघडतो. या उघडझापेत शेपूट दर खेपेला मिलिमीटरभराहूनही कमी आत जातं. एकदाच जोरात ओढून पाहिलेली गाठ याबद्दल काहीही सांगत नाही, कारण एका ओढीत ती नुसती आवळतच जाते. १८ किलोन्यूटनला न सुटलेली गाठ आठवडाभराच्या हलक्या झटक्यांनी सुटू शकते, ती याच कारणाने.

कारणं शोधताना या क्रमाने जा.

वेढे एकमेकांवर चढलेत का ते पाहा. ज्या गाठीत वेढे शेजारी शेजारी सरळ बसायला हवेत, तिथे एक जरी वेढा दुसऱ्यावर स्वार झाला तरी भार आला की तो खाली घसरून जागा शोधतो. तेवढी लांबी शेपटातून येते. अशी गाठ तुटतेही लवकर.

मग गाठ बसवली कशी ते विचारा. हाताने आवळलेली गाठ म्हणजे अर्धी गाठ. दोन्ही पदर एकेक करून ओढायचे आणि त्यावर अंगाचं पूर्ण वजन द्यायचं, ही पायरी बहुतेक जण गाळतात.

तिसरं, दोर कसला आहे? पॉलिएस्टरचं वेष्टन, म्हणजे दोराचं बाहेरचं विणलेलं आवरण, गाठीला चांगलं धरतं. नवा, गुळगुळीत, कडक विणीचा दोर धरत नाही. अरामिड धाग्यांचं वेष्टन, म्हणजे टेक्नोरा किंवा ट्वारॉन, उष्णतेला भक्कम, पण ताठ असतं, त्यामुळे गाठ उमलायला बघते. डायनिमा, म्हणजे भक्कम पॉलिएथिलीनचा धागा, तर स्वभावानेच निसरडा. उघड्या डायनिमात साधी अडक-गाठ (दोर छिद्रातून निसटू नये म्हणून टोकाला मारलेली गाठ) दोर तुटायच्या कितीतरी आधी घसरून निघते. डायनिमा वापरायचा असेल तर त्याच्या टोकाचा डोळा स्प्लाइस करून, म्हणजे गाठ न मारता दोर दोरातच ओवून, घ्यावा.

चौथं कारण डोळ्यांना दिसत नाही, बोटांनी कळतं. शेपटाचे शेवटचे तीन-चार सेंटिमीटर चिमटीत धरून दाबा. रिकाम्या बाहीसारखं पोकळ लागलं तर आतला गाभा मागे ओढला गेला आहे आणि तुम्ही मोजताय ते शेपूट म्हणजे नुसतं वेष्टन आहे. नायलॉन आणि पॉलिएस्टरची टोकं गरम सुरीने कापली की वेष्टन आणि गाभा एकत्र चिकटतात आणि ही अडचण टळते. अरामिड वितळत नाही, नुसतं काळवंडतं. ते धारदार कात्रीने कापून, मेण लावलेल्या दोऱ्याने टोकापासून दोन सेंटिमीटर आरपार टाके घालून वरून गुंडाळावं लागतं. टोकाला नुसती चिकटपट्टी लावलेली असेल तर तिच्यावर विसंबू नका.

शेवटचं, शेपूट अडकतं कुठे? कमरेशी लोंबणारं शेपूट फाट्यात, करवतीच्या म्यानात, कॅराबिनरच्या तोंडात अडकत राहतं, आणि प्रत्येक हिसक्याने गाठ उलगडायला मदत होते. शेपूट दोराला रबरी पट्टीने किंवा दोन टाक्यांनी हलकं बांधून ठेवा. हे बांधणं ताकदीसाठी नाही, फक्त फडफड थांबवायला.

कोणती गाठ, आणि कशी

कमरेच्या रिंगमधून दोर ओवून नुसती अडक-गाठ मारायची, की रिंगभोवती आवळणारा फास बांधायचा? माहितीपत्रक दोन्ही चालतात म्हणत असेल तर फास घ्या. अडक-गाठीचा सगळा भरवसा छिद्रापेक्षा गाठ मोठी असण्यावर असतो. पुढच्या वेळी कोणी १३ मिमीऐवजी १० मिमी दोर लावला की तो भरवसा संपतो. आठाच्या आकाराची अडक-गाठ तर ब्रिजला नकोच, भार येत-जात राहिला की ती उलटी लोळत शेपटाकडे चालायला लागते.

रिंगभोवतीच्या फासाला डबल फिशरमनचा फास म्हणतात, तीन वेढ्यांचा असला की स्कॅफोल्ड नॉट. ब्रिजसाठी तीन वेढे. बांधायचा असा:

दोर रिंगमधून ओवा आणि टोक मुख्य दोराच्या कडेने रिंगपासून लांब न्या. तिथून टोक मागे फिरवून मुख्य दोर आणि स्वतःचाच पदर अशा दोघांभोवती वेढे घेत रिंगकडे या. एक, दोन, तीन. आता टोक तिन्ही वेढ्यांच्या आतून, रिंगपासून लांब जाईल असं बाहेर काढा. आवळण्याआधी गाठ फिरवून पाहा. एका बाजूला तीन वेढे शेजारी शेजारी सरळ दिसले पाहिजेत, आणि मागच्या बाजूला पदर तिरका ओलांडून गेलेला. तीन सरळ रेषा दिसत नसतील तर आवळू नका, उलगडून पुन्हा घ्या.

मग थोडं ओलं करून शेपूट ओढा, मुख्य दोर ओढा, पुन्हा शेपूट. गाठ रिंगला टेकेपर्यंत सरकवा. जमिनीपासून फूटभर उंचीवर ब्रिजमध्ये बसा, पाच मिनिटं लटका, दहा-बारा वेळा हलके हिंदकळा. त्यानंतर शेपूट मोजा आणि गाठीतून बाहेर येणाऱ्या जागी, शेपूट आणि मुख्य दोर दोन्हींवर, रंगीत दोऱ्याचा एकेक टाका घाला. मार्करची शाई नको. तिच्यातला द्रावक धाग्याला काय करतो हे दोर बनवणाऱ्याने सांगितलेलं नसतं, आणि पावसात ती पुसलीही जाते. टाका फक्त वेष्टनातून जाऊ द्या.

दोर किती लागेल? ११ मिमी दोरात दोन पदरांभोवतीचा एक वेढा साधारण ९ सेंमी खातो. तीन वेढ्यांचे २७, आतून जायचे ५, शेपूट १३, म्हणजे एका टोकाला ४५ सेंमी. दोन टोकं ९० आणि मधला कामाचा ब्रिज ५५, एकूण १४५. दीड मीटर कापा. आखूड तुकड्यात शेपूट कसंबसं बसवण्याच्या नादातच अर्ध्या गाठी बिघडतात.

ब्रिजवर नक्की भार किती येतो

हे न कळता केलेली चाचणी फुकट जाते. रिंग मधोमध असताना ब्रिजचे दोन पाय होतात, आणि प्रत्येक पायातला ताण त्यांच्यातल्या कोनावर ठरतो. पाय जवळजवळ समांतर असले तर प्रत्येकावर निम्मा भार. कोन ९० अंश झाला की ०.७१ पट. १२० अंशाला प्रत्येक पायावर पूर्ण भार. १५० अंशाला जवळजवळ दुप्पट.

कमरेच्या दोन रिंगांमधलं अंतर ४० सेंमी धरा. ब्रिज ४५ सेंमीचा असेल तर कोन साधारण १२५ अंश होतो आणि १ किलोन्यूटन वजनाला प्रत्येक पायात, म्हणून प्रत्येक गाठीत, जवळजवळ १.१ किलोन्यूटन येतो. ब्रिज ६० सेंमीचा केला की तोच ताण ०.६७. प्रत्यक्षात भार आला की हार्नेस दबतो, रिंगा थोड्या आत येतात, त्यामुळे आकडे जरा सुसह्य होतात, पण कल बदलत नाही: आखूड ब्रिज गाठींवर जास्त ओढ आणतो आणि कंबरही आवळतो. हाताच्या टप्प्यासाठी ब्रिज आखूड करणाऱ्यांच्या गाठी आधी सरकतात, त्यात आश्चर्य नाही.

याचीच दुसरी बाजू चाचणीत दिसते. दोन टोकं पकडून सरळ ओढलं तर लोड सेलवरचा (भार मोजणाऱ्या यंत्रावरचा) आकडा म्हणजे दोरातला ताण. पण टोकं शेजारी शेजारी अडकवून मधल्या रिंगने ओढलं तर लोड सेलवर त्याच्या जवळजवळ दुप्पट आकडा दिसतो. सरळ ओढीत १६ ला जाणारी गाठ मधून ओढल्यावर ३० च्या आसपास 'टिकली' असं दिसतं. दोन्ही आकडे खरे, पण एकमेकांशी तुलना करायचे नाहीत. कोणी ब्रिजच्या ताकदीचा आकडा सांगितला की पहिला प्रश्न हाच विचारा: ओढला कसा?

ओढून पाहायची मांडणी

चाचणीला लावलेला तुकडा पुन्हा चढायला वापरायचा नाही. तुटला नाही तरी नाही. चाचणी संपल्यावर त्याचे वीतभर तुकडे करून टाका.

जागा मोकळी हवी. ताणलेला दोर तुटला की टोकं आणि शॅकल (दोर अडकवायची पिनेची लोखंडी कडी) गोळीसारखी सुटतात. ओढीच्या रेषेत कोणीही उभं राहायचं नाही. नमुन्यावर आणि दोन्ही बाजूंच्या साखळ्यांवर जड गोधडी किंवा वाळूची पोती टाका, आकडा लांबून किंवा कॅमेऱ्यातून वाचा.

५ टनांचा लोड सेल, कमाल आकडा धरून ठेवणारा, पुरेसा होतो. १ टन म्हणजे ९.८ किलोन्यूटन. साधा क्रेन काटा चालतो, पण त्याचा पडदा सेकंदाला एक-दोनदाच बदलत असेल तर तुटण्याच्या क्षणाचा आकडा तो गाळतो. म्हणून सावकाश ओढा. पाडून बघायच्या धक्क्याच्या चाचणीला असा काटा बिलकूल चालत नाही. तिथे सेकंदाला किमान हजार नोंदी घेणारं यंत्र लागतं.

हायड्रॉलिक जॅकचा दांडा १५ सेंमीच बाहेर येत असेल तर तो मध्येच संपतो. गाठी आवळताना आणि दोर ताणताना मीटरभर नमुना सहज त्यापेक्षा जास्त लांबतो, नायलॉन तर फारच. मग जॅक मागे घेऊन पुन्हा लावायचा, तेवढ्यात दोर सैलावतो, आणि तो नमुना इतरांसारखा उरत नाही. चेन पुली हळू असते, पण अखंड ओढते.

१३ आणि १८ चा फरक इथेच जन्मतो. एका नमुन्याला १२ मिमीचा शॅकल, दुसऱ्याला २५ मिमीची रिंग. बारीक पिनेवर दोर जास्त मुडपतो आणि कमी भाराला जातो. म्हणून तुमच्या हार्नेसवर जी रिंग आहे तीच, किंवा तेवढ्याच जाडीची पिन लावा. सगळ्या गाठी एकाच माणसाने बांधाव्यात, आणि प्रत्येकीला आधी १ किलोन्यूटनला पाच मिनिटं ठेवून बसवून घ्यावं. दोन्ही टोकांना गाठी असलेला नमुना त्या दोघींतल्या कमजोर गाठीचाच आकडा देतो, हेही लक्षात असू द्या.

नमुने किमान पाच. एकाच नमुन्यावर निष्कर्ष काढणाऱ्याशी वाद घालायला काही उरत नाही. सरासरी काढा, प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती विखुरलेत त्याचं माप) काढा, आणि सरासरीतून तिप्पट विचलन वजा करा. जो उरतो तो आकडा धरून चाला. समजा आकडे आले १७.८, १८.४, १६.९, १८.१, १७.३. सरासरी १७.७, विचलन ०.६, म्हणजे धरायचा आकडा १५.९. आता यातला फक्त १६.९ काढून तिथे वेढा चढलेल्या गाठीचा १३.५ ठेवा. सरासरी १७.० वर येते, फारशी हललीच नाही असं वाटतं. पण विचलन २ होतं आणि धरायचा आकडा कोसळतो ११.० वर. एका आळशी गाठीने पाच किलोन्यूटन खाल्ले. ती 'चुकून झाली' म्हणून वगळायची नाही, कारण झाडावरही ती अशीच चुकून होणार आहे.

किती पुरे? तुलनेसाठी दोन आकडे कामाचे. ईएन १८९१ या कमी ताणल्या जाणाऱ्या दोरांच्या युरोपीय मानकातला ए प्रकारचा दोर बिनगाठीचा २२ किलोन्यूटन आणि टोकाला गाठ किंवा शिवण केलेला १५ किलोन्यूटन तीन मिनिटं धरायला हवा. अमेरिकेतल्या एएनएसआय झेड१३३ या झाडकामाच्या सुरक्षा मानकानुसार चढायच्या नव्या दोराला ५४०० पौंड, म्हणजे २४ किलोन्यूटन लागतात. गाठीने दोराची ताकद साधारण पाव ते एक तृतीयांश कमी होते, म्हणून २४ च्या दोरात चांगल्या गाठीचे आकडे १६ ते १८ च्या आसपास आले तर ते वाजवी आहेत. सरळ ओढीत धरायचा आकडा १५ च्या खाली येत असेल तर तो दोर आणि ती गाठ ही जोडी सोडून द्या.

सरकण्याची चाचणी वेगळी

मूळ तक्रारीचं उत्तर देणारी चाचणी हीच, आणि ती कोणी करत नाही कारण ती कंटाळवाणी आहे. नमुना बसवून घ्या, गाठीच्या तोंडाशी शेपटाला रंगीत टाका घाला. मग ०.२ ते २ किलोन्यूटनच्या दरम्यान भार चढवा-उतरवा, २०० वेळा. दर ५० खेपांनंतर नमुना पूर्ण ढिला सोडा, गाठ हातात धरून वीस-पंचवीस वेळा झटका आणि टाका गाठीपासून किती हलला ते मिलिमीटरपट्टीने मोजा.

पहिल्या ५० मध्ये काही मिलिमीटर जाणं स्वाभाविक, गाठ तेव्हा बसत असते. त्यानंतरचे आकडे बघा. ४, १, ०, ० असा क्रम आला तर गाठ थांबली. ४, ३, ३, ३ असा आला तर ती चालते आहे, आणि तिची तुटण्याची ताकद कितीही आली तरी ब्रिजला ती नालायक. मग वेढा वाढवा किंवा दोर बदला. शेपूट लांब ठेवणं हा उपाय नाही, त्याने सुटायला फक्त जास्त दिवस लागतात.

आपल्याकडे छाटणीची घाई पावसाळ्याच्या तोंडावर असते, म्हणून तीच चाचणी भिजवलेल्या दोरावरही करा. नायलॉन भिजला की साधारण १० ते १५ टक्के ताकद गमावतो, वाळला की ती परत येते. पॉलिएस्टरला पाण्याने फारसा फरक पडत नाही.

गाठ ठीक, तरी ब्रिज संपतो

रिंग मधल्या चार बोटांत मागे-पुढे घासत राहते. तिथे वेष्टन आधी केसाळ होतं, मग चपटं आणि शेवटी चकाकतं. नख फिरवलं की धागे मोकळे न वाटता प्लॅस्टिकच्या पट्टीसारखे कडक लागतात. हे धागे दबून किंवा वितळून चिकटलेले असतात. ब्रिज बदला. गाभा दिसला, कुठेही करवतीचा ओरखडा दिसला, दोन बोटांत वाकवताना एका जागी दोर अचानक मुडपला, तरीही बदला.

चकाकी लवकर येत असेल तर रिंग तपासा. अॅल्युमिनियमच्या रिंगच्या आतल्या कडेवरून कापूस फिरवा, धागा अडकला तर तिथे खरवड आहे. चर पडलेली रिंग कानशीने घासून चालवू नका, टाकून द्या. चीक आणि माती बसलेला दोर आतून सॅंडपेपरचं काम करतो. तो कोमट पाण्यात, सौम्य साबणाने धुवा आणि सावलीत वाळवा.

उतरताना चालता दोर ब्रिजवरून घासून जाऊ देऊ नका, हा वेगळा आणि जास्त मोठा धोका आहे. एक दोर जागेवर आणि दुसरा त्याच ठिकाणी धावता, अशी घासण थोड्याच वेळात धागे वितळवते. पॉलिएस्टर साधारण २५० अंशांना वितळतं, डायनिमा १५० च्याही आत.

दोन ब्रिज लावायची सोय हार्नेसमध्ये असेल तर ती वापरा, आणि दुसरा ब्रिज पहिल्यापेक्षा दोन-तीन सेंटिमीटरच लांब ठेवा. हातभर लांब ठेवला तर पहिला सुटल्यावर तेवढं अंतर तुम्ही मोकळे पडता.

बांधल्याची तारीख, दोराचं नाव आणि जाडी, बांधणाऱ्याचं नाव आणि त्या दिवशीची शेपटाची लांबी कापडी फितीवर लिहून ती फीत शेपटालाच शिवा. चढण्याआधी पट्टी लावून फक्त ती लांबी पडताळायची. ५ मिमी फरक आला तर त्या दिवशी दुसरा हार्नेस.